‘सांगायचं राहून गेलं’वर इलाज

पत्र

नमस्कार,

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत फ्रंटएंडचं, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या स्क्रीनचं काम करते. दूध संकलन केंद्रांसाठी आमचं सॉफ्टवेअर आहे. पुढे रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्ट, मागे जावा आणि स्प्रिंग बूट. बॅकएंडची, म्हणजे सर्व्हरची बाजू सांभाळणारी मंडळी कोल्हापूरच्या ऑफिसात बसतात. कोडचे रेपो वेगळे, रिलीजही वेगळे. गेल्या महिन्यात त्यांनी दहा दिवसांच्या बिलाच्या रिस्पॉन्समधलं (सर्व्हरकडून येणाऱ्या डेटामधलं) ‘अमाउंट’ हे फील्ड ‘नेटअमाउंट’ केलं आणि आमच्या स्क्रीनवर सगळ्या शेतकऱ्यांची रक्कम शून्य दिसायला लागली. बिल्ड नीट झालं होतं, टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. केंद्रांवरून फोन आले तेव्हा कळलं. विचारलं तर बॅकएंडचे सर म्हणाले, ‘‘अगं, सांगायचं राहून गेलं.’’ आता मॅनेजरनी एक एक्सेल शीट काढलीय. एपीआयमधला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या देवाणघेवाणीतला प्रत्येक बदल त्यात लिहायचा आणि दर सोमवारी त्यावर मीटिंग. हे टिकेल असं मला वाटत नाही, पण दुसरं काय सुचवावं तेही कळत नाही. ओपनएपीआय, ग्राफक्यूएल, झॉड, जे वाचते ते करावंसं वाटतं. सुरुवात कुठून करू? आणि माझ्याहून दहा वर्षांनी सीनियर माणसाला ‘तुमच्या बिल्डमध्ये चेक लावा’ असं सांगू कसं?

– फ्रंटएंडवाली, पुणे

उत्तर

नमस्कार.

एक्सेल टिकणार नाही, तुमचा अंदाज बरोबर आहे. पहिले दोन सोमवार सगळे मन लावून भरतील, मग रिलीजची घाई येईल. पण सरांवर रागावू नका. त्यांचं खरंच सांगायचं राहिलं असणार. जावाच्या क्लासमधल्या फील्डचं नाव बदलायला आयडीईमध्ये (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) एक शॉर्टकट पुरतो, आणि त्यांच्या रेपोत ते नाव जिथे जिथे वापरलंय तिथे आयडीई आपणहून दुरुस्ती करते. कंपाइल झालं, टेस्ट चालल्या, काम संपलं. पुण्यातला एक रेपो त्याच नावावर उभा आहे हे त्या आयडीईला दिसत नाही, आणि जे हत्याराला दिसत नाही ते संध्याकाळी सहा वाजता माणसाच्याही लक्षात राहत नाही. म्हणून इलाज माणसाच्या आठवणीत शोधू नका. दोन्ही रेपोंच्या मध्ये एक फाइल हवी, आणि ती बदलली की ज्याने बदल केला त्याचंच बिल्ड लाल व्हायला हवं, तेही बदल मुख्य कोडमध्ये मर्ज होण्याआधी.

त्या फाइलकडे येतोच. त्याआधी तुमच्या बाजूचं एक काम आहे.

फील्ड गायब झालं तर जावास्क्रिप्टमध्ये ‘अनडिफाइंड’ मिळतं. त्यावर गुणाकार-बेरीज केली तर ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’) दिसतं, नुसतं दाखवलं तर रिकामी जागा दिसते. तुमच्याकडे शून्य दिसलं, म्हणजे कोडमध्ये कुठेतरी ‘?? 0’ किंवा ‘|| 0’ बसलेलं आहे. कधीतरी कुणालातरी कंपायलरने ‘ही किंमत नसूही शकते’ असं हटकलं असेल, त्याने शून्य लावून त्याचं तोंड बंद केलं. ‘नॅन’ दिसायला वाईट, पण स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर पहिल्याच माणसाच्या डोळ्यात खुपलं असतं. शून्य ही खरी वाटणारी रक्कम आहे, ती थेट शेतकऱ्यापर्यंत गेली. पैशाच्या, फॅटच्या, एसएनएफच्या (दुधातल्या फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांच्या) कुठल्याही आकड्याला असा डीफॉल्ट लावू नका. आकडा नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असं दाखवा आणि एरर लॉगला पाठवा. हे आजच्या आज करता येतं, कुणाची परवानगी लागत नाही.

टेस्ट हिरव्या का राहिल्या तेही सांगतो. टेस्टमधला खोटा रिस्पॉन्स तुम्हीच लिहिलेला आहे आणि त्यात अजून ‘अमाउंट’ आहे. टाइपही तुम्हीच हाताने लिहिलेला आहे, त्यातही ‘अमाउंट’ आहे. दोघांची साक्ष जुळली, कारण दोन्ही साक्षीदार तुमच्याच घरचे. फेच केलेल्या रिस्पॉन्सला ‘जेसन’ विचारलं की टाइपस्क्रिप्टच्या हाती ‘एनी’ येतं, आणि तुम्ही ‘हे बिल आहे’ म्हणालात की तो मान डोलावतो. ॲक्सिओसला (सर्व्हरकडून डेटा मागवणाऱ्या लायब्ररीला) कोनी कंसात टाइप दिला तरी तेच, आत काहीही तपासलं जात नाही. कंपाइल झाल्यावर टाइप पुसले जातात, ब्राउझरमध्ये त्यांचा मागमूस राहत नाही. त्यामुळे एपीआयचे टाइप हाताने लिहिणं म्हणजे बॅकएंड कसा असावा याबद्दलची आपली इच्छा लिहून ठेवणं आहे.

आता फाइल, एपीआयमधून काय काय येतं-जातं ते लिहिलेली. ओपनएपीआय हे तिच्या लेखनपद्धतीचं नाव. आधी ती ‘स्वॅगर’ म्हणून ओळखली जायची. २०१५मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि नाव बदललं, तरी आपल्याकडे अजून सगळे स्वॅगरच म्हणतात. तुमच्या बॅकएंडमध्ये बहुधा स्प्रिंगडॉक (कोडमधून ही फाइल काढणारं हत्यार) आधीपासून लावलेलं असेल आणि ते सुंदर स्वॅगरचं पान तुम्ही कधीतरी उघडून पाहिलंही असेल. त्या पानामागे जी जेसन फाइल आहे, ती आपल्याला हवी आहे.

आधी फाइल हाताने लिहायची आणि मग कोड, की आधी कोड आणि त्यातून फाइल, यावर लोक तावातावाने वाद घालतात. माझं मत तुमच्यापुरतं स्पष्ट आहे: कोडमधून फाइल काढा. चालू बॅकएंड आहे, क्लास लिहिलेले आहेत. हाताने वेगळी वायएमएल फाइल लिहायला लावलीत तर तीही महिन्याभरात त्या एक्सेलसारखीच शिळी होईल. ज्या क्लासमधून रिस्पॉन्स तयार होतो त्याच क्लासमधून फाइल निघाली, तर तिला खोटं बोलायला जागा कमी राहते.

कमी राहते, संपत नाही. आणि बहुतेक टीम इथेच फसतात. फाइल काढली, टाइप जनरेट केले, झालं म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि वर्षभराने कुणीतरी म्हणतं की आमच्याकडे ओपनएपीआयचा काही उपयोग झाला नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट ‘रिकायर्ड’ची, म्हणजे हमखास असणाऱ्या फील्डची. जावाच्या फील्डवर ‘नॉटनल’सारखं (‘हे कधी रिकामं नसतं’ सांगणारं) ॲनोटेशन नसेल तर स्प्रिंगडॉक ते फील्ड रिकायर्ड म्हणून नोंदवत नाही. मग जनरेट झालेल्या टाइपमध्ये प्रत्येक फील्डपुढे प्रश्नचिन्ह येतं. शेतकऱ्याचा कोड? असेल किंवा नसेल. लिटर? असतील किंवा नसतील. रक्कम? तीही तशीच. अशा टाइपसोबत काम करणारा माणूस दुसऱ्याच दिवशी वैतागून सगळीकडे उद्गारचिन्ह किंवा ‘?? 0’ टाकायला लागतो. म्हणजे ज्या रोगावर औषध आणलं, तोच रोग औषधातून आला. त्यात भर म्हणजे जॅक्सन (जावाच्या डेटाचं जेसन करणारी लायब्ररी) रिकामं फील्ड वगळत नाही. वेगळं सांगितलं नसेल तर ‘नल’ पाठवतो. टाइप म्हणतो ‘नसेल’, वायरवरून येतं ‘नल’, आणि ‘अनडिफाइंड नाही ना’ एवढंच तपासणारा तुमचा कोड त्याला आत घेतो. फॅटचं मशीन बंद असताना केंद्रावरून आलेली नोंद आठवून बघा, तिथे नेमकं हेच होणार.

तेव्हा कोणतं फील्ड नेहमी असतं, कोणतं नल असू शकतं, हे बॅकएंडने प्रत्येक रिस्पॉन्सच्या क्लासवर लिहायला हवं. ओपनएपीआय ३.०मध्ये त्यासाठी ‘नलेबल’ असा वेगळा शब्द होता. २०२१च्या ३.१मध्ये तो गेला आणि टाइपच्या यादीतच ‘नल’ लिहायची पद्धत आली. तुमची फाइल कोणत्या आवृत्तीची आहे ते पहिल्याच ओळीत दिसेल, आणि तुमचं जनरेटर ती आवृत्ती नीट वाचतं का तेही पाहून घ्या. (बॅकएंड कोटलिनमध्ये असता तर हे काम बरंचसं भाषेनेच केलं असतं, पण त्यासाठी कुणी कोटलिनवर जात नाही.)

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ही तुमच्या धंद्यात पैशावर येते. जावाचा ‘लोकलडेटटाइम’ वापरला असेल तर फाइलमध्ये ‘डेट-टाइम’ असं भारदस्त लिहिलेलं असतं, पण येणाऱ्या वेळेला टाइमझोनचं शेपूट नसतं. अशी शेपटीविना वेळ ब्राउझर स्थानिक समजतो. समजा सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर) आहे आणि ११ तारखेला पहाटे सव्वापाचला गवळ्याने दूध घातलं. सर्व्हरच्या लेखी ती १० तारखेची रात्री पावणेबाराची वेळ. टाइमझोन नाही म्हणून पुण्यातला ब्राउझर ती जशीच्या तशी दाखवतो: १० तारीख, रात्री ११:४५. साडेपाच तासांचा फरक गेलाच, वर ती नोंद आधीच्या दहा दिवसांच्या बिलात गेली. टाइपस्क्रिप्टच्या दृष्टीने दोन्ही वेळा नुसत्या स्ट्रिंग आहेत, तो तुम्हाला काहीही सांगणार नाही. सरांना ‘इन्स्टंट’ किंवा ‘ऑफसेटडेटटाइम’ वापरायला सांगा. बाकी सगळं नंतर केलंत तरी चालेल, हे आधी.

तिसरी, आकड्यांची. जावाचा ‘लाँग’ ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत जातो. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक अचूक धरत नाही, शेवटचे आकडे गुपचूप बदलतात. एकापासून मोजत जाणारे आयडी असतील तर काळजी नाही, पण ६४ बिटांचे विखुरलेले आयडी असतील तर ते स्ट्रिंग म्हणूनच पाठवायला हवेत. ट्विटरने २०१०मध्ये मोठे आयडी सुरू करताना नंबरासोबत स्ट्रिंगमध्येही आयडी द्यायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

शिवाय कंट्रोलरमधून ‘मॅप’ परत करणारे महाभाग असतातच. तसं केलं की फाइलमध्ये ‘इथे काहीतरी ऑब्जेक्ट येईल’ एवढंच उरतं. ते शोधून काढायला सोपं आहे: जनरेट झालेल्या टाइपमध्ये ‘अननोन’ किंवा ‘Record<string, never>’ शोधा.

फाइल एवढी खरी झाली की पुढचं काम सरळ आहे. स्प्रिंगडॉकचे मेव्हन आणि ग्रेडल, दोन्हींसाठी प्लगइन आहेत. बिल्डमध्ये ॲप सुरू करून फाइल उतरवून घेतात. ती बॅकएंडच्या रेपोत कमिट करा. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) पुन्हा काढा आणि गिट डिफने तुलना करा. फरक निघाला तर बिल्ड लाल. याचा एक मोठा फायदा बाहेरून दिसत नाही: कुणी ‘अमाउंट’चं ‘नेटअमाउंट’ केलं की पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मर्ज करायच्या विनंतीत) जावाच्या फाइलसोबत एपीआयच्या फाइलमधली लाल-हिरवी ओळही दिसते. रिव्ह्यू करणाऱ्याला कळतं की हा बदल घराबाहेर जाणार आहे. फक्त कीज ठरलेल्या क्रमाने लिहिण्याची सेटिंग चालू करा, नाहीतर रोज विनाकारण डिफ येत राहील आणि लोक तो वाचणं सोडतील.

त्यावर ओएएसडिफ नावाचं हत्यार बसवा. मेनवरची (मुख्य ब्रांचवरची) फाइल आणि पुल रिक्वेस्टमधली फाइल ताडून बघून ते सांगतं की या बदलाने जुने ग्राहक मोडतील का. नवं फील्ड आलं तर ते काही म्हणत नाही. रिकायर्ड फील्ड गेलं तर चूक धरतं. ऑप्शनल फील्ड गेलं तर मात्र नुसता इशारा देतं. आता कळलं असेल की मी रिकायर्डवर एवढा वेळ का घालवला. तुमच्या फाइलमध्ये सगळंच ऑप्शनल असेल, तर गेल्या महिन्याचा तो बदल याही गाळणीतून निसटला असता.

हा चेक बॅकएंडच्याच सीआयमध्ये असला पाहिजे, यावर तडजोड करू नका. तुमच्या बाजूला लावलात तर तुमचं बिल्ड लाल होईल, पण तोवर बदल मर्ज होऊन दोन दिवस झालेले असतील आणि फोन करून विचारणं पुन्हा तुमच्याच नशिबी येईल.

तुमच्या बाजूला ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्ट पुरे. ते फक्त टाइप काढतं, ब्राउझरमध्ये एक बाइटही वाढवत नाही. रिॲक्ट क्वेरीचे हुकही तयार हवे असतील तर ऑर्व्हल आहे. ओपनएपीआय जनरेटर सगळ्या भाषांत सगळं काढून देतो, पण त्याने काढलेला क्लायंटचा कोड वाचता येत नाही असा माझा अनुभव, आणि जो कोड वाचता येत नाही त्यातला बग रात्री कोण शोधणार? टाइपची फाइल स्टेजिंग सर्व्हरवरून ओढू नका. स्टेजिंगवर नेहमी कुणाची तरी अर्धवट ब्रांच चढवलेली असते. बॅकएंडच्या मेनवरची फाइल घ्या. तिकडे मर्ज झालं की तुमच्या रेपोत आपोआप पुल रिक्वेस्ट उघडेल एवढं सीआयला शिकवा. टाइप बदलले, कंपायलर चालला, कुठे मोडतंय ते लगेच समोर. दोन्ही रेपो एकत्र करता आले तर यातलं अर्धं काम वाचतं, पण दोन गावांतल्या दोन टीमना तो विषय आत्ता काढू नका.

टेस्टमधले मॉक, म्हणजे ते खोटे रिस्पॉन्सही या जनरेट केलेल्या टाइपनेच बांधा. मग जुनं ‘अमाउंट’ असलेला मॉक कंपाइलच होणार नाही.

एवढं करूनही एक फट राहते, आणि ती टाइपने बुजत नाही. केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर सकाळी उघडलेलं पान संध्याकाळपर्यंत तसंच असतं, मोबाइल ॲप असेल तर महिनोन्‌महिने जुनं असतं. त्यांच्यासाठी नाव बदलणं हा एक बदल नसून तीन आहेत. आधी नवं फील्ड जुन्यासोबत पाठवायचं. मग सगळ्या स्क्रीन नव्यावर आणायच्या, आणि जुनं ‘डेप्रिकेटेड’ करायचं. टाइप काढताना ती खूणही उतरते, त्यामुळे एडिटरमध्ये त्या नावावर काट मारलेली दिसते. जुनी ॲप वापरात नाहीत हे लॉगमध्ये पाहून मगच जुनं फील्ड काढायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला ठाऊक नाही.

झॉडबद्दल विचारलंत. ते चालत्या ब्राउझरमध्ये आलेला डेटा तपासतं, म्हणजे टाइप पुसले गेल्यावर उरतं ते. संकलन केंद्रावर दूध मोठ्या टाकीत ओतण्याआधी फॅट बघतात, कारण एकदा मिसळलं की ते कुणाचं होतं ते सांगता येत नाही. तपासणीची जागा इथेही तीच: रिस्पॉन्स आत आला तिथेच, स्टेटमध्ये मिसळण्याआधी. पण प्रत्येक रिस्पॉन्सला हे लावत बसू नका. बिल, पेमेंट, दरपत्रक, एवढ्यांना लावा. अनोळखी फील्ड दिसलं तर नाकारायचं, असा कडक नियम ठेवू नका, नाहीतर बॅकएंडने निरुपद्रवी फील्ड वाढवलं तरी स्क्रीन बंद पडेल.

ग्राफक्यूएल (एपीआय बांधायची वेगळी पद्धत) चांगलं आहे, पण एका नाव बदलण्याच्या घटनेसाठी आख्खा बॅकएंड हलवायचा नसतो. टीआरपीसी हा आणखी एक पर्याय, पण तो दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट असेल तरच, तुमच्याकडे जावा आहे. विषय संपला.

राहिले सर. ‘चेक लावा’ असं म्हणूच नका. चेक लावलेली पुल रिक्वेस्ट तुम्हीच घेऊन जा. पाइपलाइनची वायएमएल जावाची नसते, ती तुम्हाला लिहिता येईल. सुरुवातीला बिल्ड न पाडता नुसती कॉमेंट टाकणारी ठेवा. आणि सोबत एक खरा प्रश्न घेऊन जा, ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे आहे: ‘‘सर, या बिलाच्या क्लासमधली कोणती फील्ड्स कधीच नल नसतात?’’ दहा वर्षांच्या अनुभवाला हा प्रश्न आवडतो. ते सांगत जातील, तुम्ही शेजारी बसून किंवा कॉलवर ॲनोटेशन लिहीत जा. पहाटे सव्वापाचच्या दुधाचं उदाहरण याच बैठकीत काढा. त्यात चूक कुणाची हा मुद्दा येत नाही आणि फाइल खरी असण्याची गरज मात्र लगेच पटते. त्यांचाही फायदा सांगा: चेक हिरवा असेल तर त्यांनी बिनधास्त नावं बदलावीत, कुणाला फोन करायची गरज नाही. दोन-तीन आठवडे कॉमेंट बरोबर येतात असं दिसलं की बिल्ड पाडायची सेटिंग तेच चालू करतील, आणि त्यांनीच करणं चांगलं.

तुमच्याकडे हाताने लिहिलेले टाइप भरपूर असणार. ते एका पुल रिक्वेस्टमध्ये बदलायला जाऊ नका, एवढा डिफ कुणी वाचत नाही, डोळे मिटून मंजूर करतात. बिलाच्या स्क्रीनपासून सुरू करा. हाताने लिहिलेला टाइप काढा, त्याच नावाने जनरेट केलेला टाइप आयात करा आणि कंपायलर काय ओरडतो ते बघा. प्रत्येक ओरड वाचा. काही ठिकाणी तुमचा टाइप चुकलेला निघेल, काही ठिकाणी फाइल चुकलेली निघेल. फाइल चुकलेली असेल तिथे फ्रंटएंडमध्ये ठिगळ लावू नका, कोल्हापूरला इश्यू टाका आणि ती दुरुस्त होईपर्यंत ती स्क्रीन जुन्या टाइपवरच राहू द्या.